ऐच्छिक कीं आवश्यक? : साथीच्या काळांतील हृदयाच्या झडपांची चिकित्सा

आम्हीं आपल्या आयुष्याचीं चौतीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविण्यांत घालविलीं. त्यामुळें कोणताहि शब्द कानांवर पडला कीं, त्याची फोड करून पाहण्याची जी खोड जडली, ती सेवानिवृत्तीनंतरहि सुटलेली नाहीं. बहुतेक वेळां ही खोड निरुपद्रवी असते. घरांतील मंडळी हंसून सोडून देतात. परंतु इ. स. २०२० च्या वसंतांत एका साध्या शब्दानें आमची झोंप उडविली. त्याची हकीगत वाचकांस सांगावी, व त्या निमित्तानें एका गंभीर वैद्यकीय प्रश्नाचा थोडा ऊहापोह करावा, असें पुष्कळ दिवसांपासून मनांत होतें. तो शब्द म्हणजे ‘ऐच्छिक’.

आमचे वडील बंधु, ज्यांस सारें घर अण्णा म्हणतें, वाईस राहतात. त्या वर्षीं त्यांचें वय चौऱ्याहत्तर होतें. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या उभ्या जन्मांत कधीं न मोजतां चढलेला हा मनुष्य मागच्या दिवाळीपासून मध्यावर थांबूं लागला. विचारलें तर ‘वय झालें, दुसरें काय?’ एवढेंच उत्तर. फेब्रुवारींत त्यांस पुण्यास आणून ध्वनिलहरींच्या यंत्रानें हृदयाची तपासणी करविली, तेव्हां महाधमनीच्या मुखाशीं असलेली झडप अत्यंत अरुंद झाल्याचें निष्पन्न झालें. ती बदलण्याकरितां ३० मार्च ही तारीख मुक्रर झाली. पुढें काय झालें तें वाचकांस ठाऊकच आहे. ११ मार्च रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविड-१९ ही जागतिक महामारी असल्याचें जाहीर केलें. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी पुकारली गेली. आगगाड्या थांबल्या, जिल्ह्याजिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २६ तारखेस रुग्णालयांतून दूरध्वनि आला. पलीकडील बाई मोठ्या सौजन्यानें म्हणाल्या, ‘आपल्या बंधूंची शस्त्रक्रिया ऐच्छिक वर्गांत मोडते. सध्यां सर्व ऐच्छिक शस्त्रक्रिया तहकूब केल्या आहेत. पुढील तारीख मागाहून कळवूं.’

ऐच्छिक! ‘इच्छा’ या शब्दास ‘इक’ प्रत्यय लागून व आद्य स्वराची वृद्धि होऊन झालेलें हें विशेषण. जें केवळ आपल्या इच्छेवर अवलंबून, केलें तर केलें, न केलें तर राहिलें, तें ऐच्छिक. आमच्या शाळेंत ऐच्छिक विषय असत. तो सोडला म्हणून कोणाचें वर्ष बुडत नसे. अण्णांस श्वास घेण्याची जी गरज, ती ऐच्छिक विषयांत कशी बसते हें आम्हांस कळेना. पुढें एका परिचित डॉक्टरांनीं खुलासा केला कीं, इंग्रजींतील ज्या शब्दाचें हें भाषांतर, त्याचा वैद्यकांतील अर्थ ‘जिचा दिवस अगोदर ठरवितां येतो ती’ एवढाच आहे. अपघातांत सांपडलेल्या मनुष्याची शस्त्रक्रिया त्याच रात्रीं करावी लागते. झडपेच्या रोग्यास तारीख देतां येते. म्हणजे योग्य शब्द ‘पूर्वनियोजित’ असा हवा होता. परंतु जिची तारीख ठरवितां येते ती वाटेल तितकी पुढें ढकलतांहि येते, असें अनुमान काढणें हा उघड हेत्वाभास होय. आणि त्या वर्षीं अनेक देशांत ह्या हेत्वाभासाची किंमत हृदयाच्या रोग्यांस मोजावी लागली.

ही किंमत कां मोजावी लागते हें समजण्यास हृदयाची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. हृदयास चार कप्पे व चार झडपा आहेत. या झडपा म्हणजे एकाच दिशेनें उघडणारीं दारें. रक्त पुढें जाऊं द्यावें, मागें येऊं देऊं नये, एवढेंच त्यांचें काम. तें काम त्या दिवसाकाठीं सुमारें एक लाख वेळां करितात. डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यांतून शुद्ध रक्त महाधमनींत शिरतें, त्या दारावरील झडप तीन पाकळ्यांची असते. उतारवयांत कित्येकांच्या या पाकळ्यांवर चुन्याचे क्षार सांचून त्या ताठ होतात. निरोगी झडप पूर्ण उघडली असतां वाट तीन ते चार चौरस सेंटिमीटर असते; ती एक चौरस सेंटिमीटराहून कमी झाली कीं विकार तीव्र समजतात. हृदय बापडें तेवढ्या फटींतून सारें रक्त नेटानें लोटीत राहतें. त्याच्या भिंती जाड होतात, व शेवटीं तें थकतें. मग चालतांना धाप लागते, छातींत दुखतें, किंवा एकाएकीं घेरी येऊन मनुष्य खालीं पडतो. अमेरिकेंतील रॉस व ब्राउनवाल्ड या दोन डॉक्टरांनीं १९६८ सालींच दाखवून दिलें होतें कीं, झडप न बदलल्यास छातींतील दुखणें सुरू झाल्यापासून सरासरी पांच वर्षें, घेरी येऊं लागल्यापासून तीन वर्षें, व हृदय थकल्याचीं चिन्हें दिसूं लागल्यापासून दोनच वर्षें रोग्याच्या वांट्यास येतात. या ताठरलेल्या झडपेस पुन्हां मऊ करील असें औषध आजहि उपलब्ध नाहीं. दार बिघडलें तर दारच बदललें पाहिजे.

तें बदलण्याची विद्या तशी नवी आहे. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीनें या देशांत लाखों बळी घेतले. परंतु त्या वेळीं झडपेची शस्त्रक्रिया पुढें ढकलावी कीं काय, हा प्रश्न वैद्यांपुढें उभाच राहिला नाहीं, कारण तशी चिकित्सा कोठें रूढ नव्हती. १९२५ सालीं लंडन येथें हेन्री सूटर यांनीं एका मुलीच्या हृदयांत बोट घालून अरुंद झालेली झडप मोकळी केली. मुलगी सुधारली, पण त्यानंतर कोणीहि त्यांच्याकडे दुसरा रोगी म्हणून पाठविला नाहीं, इतका त्या काळीं हृदयास हात लावण्याचा धसका होता. पुढें १९४८ मध्यें फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बेली यांनीं तीच वाट पुन्हां धरली. १९६० सालीं आल्बर्ट स्टार हे शल्यवैद्य व लोवेल एडवर्ड्स हे यंत्रज्ञ या जोडीनें पिंजऱ्यांत चेंडू बसविलेली कृत्रिम झडप तयार करून ती हृदयांत बसविली. आपल्या देशांत तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाळ संस्थेनें डॉ. वल्यथान यांच्या नेतृत्वाखालीं स्वदेशी झडप सिद्ध केली, व ती १९९० च्या डिसेंबरांत प्रथम रोग्यास बसविण्यांत आली. या सर्व शस्त्रक्रियांत छाती उघडावी लागते. कृत्रिम झडप बसवितांना तर हृदय थांबवून त्याचें काम तेवढ्या वेळापुरतें यंत्राकडे सोंपवितात.

मग १६ एप्रिल २००२ रोजीं फ्रान्समधील रूआं या नगरांत आलँ क्रिबिए यांनीं एक नवीच रीति अंमलांत आणली. पायाच्या रक्तवाहिनींतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, मिटलेल्या छत्रीप्रमाणें घडी घातलेली झडप जुन्या झडपेच्या जागीं उघडावयाची. छाती फाडणें नाहीं, हृदय थांबविणें नाहीं. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘टावी’ म्हणतात. प्रथम ज्यांस मोठी शस्त्रक्रिया सोसवणार नाहीं अशा जराजर्जर रोग्यांसाठींच ती वापरीत. पुढें अनुभव वाढला तसा तिचा विस्तार झाला. या झडपा आतां आपल्याकडे गुजरातेंत वापी येथेंहि तयार होतात. तरीहि खर्च लाखांत जातो, आणि सामान्य कुटुंबाच्या तो आवांक्याबाहेरचाच आहे, हें येथें नमूद केलें पाहिजे.

आतां साथीच्या काळाकडे वळूं. रुग्णालयांनीं शस्त्रक्रिया तहकूब केल्या त्या कांहीं निष्ठुरपणानें नव्हेत. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रोग्यास अतिदक्षता विभागांत ठेवावें लागतें, कृत्रिम श्वासाचें यंत्र लागतें, रक्ताच्या बाटल्या लागतात. आणि नेमक्या याच गोष्टींची त्या वेळीं सर्वत्र चणचण होती. रक्तदानाचीं शिबिरेंहि बंद पडलीं होतीं. दुसरी भीति याहून मोठी होती. शस्त्रक्रियेच्या सुमारास ज्यांस कोविडचा संसर्ग झाला अशा २४ देशांतील १,१२८ रोग्यांची पाहणी २०२० च्या मे महिन्यांत प्रसिद्ध झाली; त्यांपैकीं २३.८ टक्के रोगी तीस दिवसांच्या आंत दगावले होते. हा आंकडा वाचून कोणत्या शल्यवैद्याचा हात कांपणार नाहीं? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनें १७ मार्च रोजींच पत्र काढून, तांतडीच्या नसलेल्या सर्व शस्त्रक्रिया निदान तीन महिने थांबविण्यास सांगितलें. साथीच्या ऐन भराच्या बारा आठवड्यांत जगभर मिळून सुमारें २ कोटी ८४ लक्ष पूर्वनियोजित शस्त्रक्रिया लांबणीवर पडतील, असा अंदाज त्याच अभ्यासकगटानें बांधला होता.

परंतु तराजूस दुसरेंहि पारडें असतें. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील डॉक्टरांनीं त्या वसंतांत एक पद्धतशीर नोंद ठेवली. महाधमनीची झडप तीव्र अरुंद झालेले व त्रास होऊं लागलेले ७१ रोगी त्यांच्याकडे होते. त्यांपैकीं ज्यांची अवस्था अधिक बिकट, अशा २५ जणांची झडप साथ असतांहि लवकर बदलली. उरलेल्या ४६ जणांस थांबविलें. कांहीं आठवड्यांनीं पाहतात तों, लवकर उपचार झालेल्यांपैकीं एकावर, तर थांबविलेल्यांपैकीं नऊ जणांवर मृत्यु, पक्षाघात किंवा तांतडीनें रुग्णालयांत धांव घेण्याचा प्रसंग आला होता. हा फरक मुख्यतः तांतडीनें दाखल व्हावें लागल्यामुळें पडला हें खरें; तथापि अधिक आजारी असलेले उपचार मिळून सांवरले, आणि कमी आजारी समजलेले वाट पाहतांना ढांसळले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. न्यूयॉर्कमधील एका मोठ्या रुग्णालयांत याच कारणास्तव थांबविलेल्या ७७ रोग्यांची पाहणी झाली. पहिल्याच महिन्यांत सुमारें दहांत एकास, व पुढील तीन महिन्यांत आणखी सुमारें एकतृतीयांश जणांस हृदयाच्या गंभीर तक्रारीस तोंड द्यावें लागलें. इंग्लंडांत मार्च ते नोव्हेंबर २०२० या अवधींत झडपेच्या उपचारावांचून राहिलेल्या तीव्र रोग्यांची संख्या सुमारें पांच हजार असावी, असा तेथील अभ्यासकांचा अंदाज आहे. ही माणसें कोविडच्या मृतांच्या यादींत कोठेंहि सांपडावयाचीं नाहींत.

अण्णांच्या प्रकृतीची काळजी करीत असतांनाच आमच्यावर एक आघात झाला. आमच्या शाळेंत चित्रकला शिकविणारे एक सहकारी, आमच्याहून चार वर्षांनीं वडील, ह्याच विकारानें आजारी होते. त्यांचीहि तारीख एप्रिलांत होती व तीहि तहकूब झाली. आम्ही दूरध्वनीवर बोलत असूं. एकदां ते म्हणाले, ‘अहो, रात्रीं आडवें पडवत नाहीं, आरामखुर्चींत बसून झोंपतों.’ आम्हीं म्हटलें, ‘डॉक्टरांस कळविलेंत का?’ त्यावर ते म्हणाले, ‘ते म्हणालेत ना, ऐच्छिक आहे म्हणून! अशा आणीबाणींत आपल्या क्षुल्लक दुखण्यासाठीं त्यांस कशाला त्रास द्यावयाचा?’ मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत पहांटे त्याच खुर्चींत त्यांचा प्राण गेला. अंत्ययात्रेस वीसहून अधिक माणसें नकोत असा त्या वेळचा नियम होता. ज्यांच्या हाताखालून हजारों मुलें गेलीं, त्यांस पोंचविण्यास नऊ जण होते. आम्ही त्यांत नव्हतों, कारण आमची पेठ त्या दिवसांत प्रतिबंधित क्षेत्रांत होती.

दोष कोणाचा? आम्हीं पुष्कळ विचार केला. रुग्णालयानें नियम पाळला. डॉक्टर रात्रंदिवस कोविडच्या कामांत बुडाले होते. आणि आमचे मित्र भिडस्त. परंतु त्या एका विशेषणानें त्यांच्या मनावर असा कांहीं पगडा बसविला कीं, स्वतःचें मरण त्यांस क्षुल्लक दुखणें वाटूं लागलें. आणि आम्ही? जन्मभर शब्दांचे अर्थ सांगितले, पण ज्या दिवशीं एका मित्रास त्या शब्दाचा खरा अर्थ सांगावयाचा होता, त्या दिवशीं आम्हीं ‘बरें, जपा’ म्हणून फोन ठेवला. आडवें पडवत नाहीं याचा अर्थ हृदय थकून फुप्फुसांत पाणी सांचत आहे, हें तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें. हें अज्ञान आम्हांस आजहि बोंचतें, व हा लेख लिहिण्याचें तेंच खरें कारण होय.

त्या बातमीनंतर आम्हीं वाईस रोज फोन करूं लागलों. मध्यंतरीं एक चांगली गोष्ट घडली होती. दूरध्वनीवरून अथवा चित्रफोनवरून रोगी तपासण्यासंबंधींचे नियम केंद्र सरकारनें २५ मार्च २०२० रोजीं प्रसिद्ध केले होते, व अण्णांचे डॉक्टर त्याप्रमाणें दर सोमवारीं त्यांची विचारपूस करीत. त्यांचे प्रश्न आम्हांस तोंडपाठ झाले आहेत. किती पायऱ्या चढल्यावर धाप लागते? रात्रीं किती उशा लागतात? पायांवर सूज आहे का? सकाळीं वजन किती भरलें? घेरी आली का? अण्णा प्रत्येक वेळीं ‘सर्व ठीक’ म्हणून मोकळे होत. जूनच्या पहिल्या आठवड्यांत वहिनींनीं आम्हांस एकटें गांठून हळूच सांगितलें, ‘भाऊजी, काल तुळशीला पाणी घालतांना हे खालीं बसले ते मिनिटभर शुद्धींतच नव्हते. तुम्हांला सांगूं नको म्हणाले. पुण्यास गेलों तर तो रोग घेऊन येऊं, अशी भीति वाटते त्यांना.’ आम्हीं तत्क्षणीं डॉक्टरांस कळविलें. घेरी हा शब्द ऐकतांच त्यांचा स्वर बदलला. ‘आतां थांबावयाचें नाहीं,’ ते म्हणाले, ‘पास काढा आणि घेऊन या.’

ह्या निर्णयामागें जें तत्त्व होतें तें तोंवर जगभर मान्य होऊं लागलें होतें. अमेरिकेंतील हृदयवैद्यांच्या संस्थांनीं त्या वसंतांतच मार्गदर्शन प्रसिद्ध केलें होतें, त्याचा आशय साधारण असा : ज्यांस घेरी येते अथवा थोड्याशा श्रमानेंहि धाप लागते, त्यांचा उपचार साथीमुळें अडवूं नये, ज्यांस त्रास बेताचा आहे त्यांची दूरध्वनीवरून वरचेवर चौकशी करावी, व लक्षण वाढतांच बोलवावें, ज्यांस कांहींच त्रास नाहीं त्यांनीं कांहीं महिने थांबण्यास हरकत नाहीं. म्हणजे ‘ऐच्छिक’ व ‘तांतडीची’ अशा दोन कप्प्यांच्या जागीं रोग्याच्या लक्षणांवरून केलेली तीन पायऱ्यांची विभागणी आली. शिवाय टावीच्या रीतींत बहुधा पूर्ण भूल द्यावी लागत नाहीं, श्वासयंत्र अडकून पडत नाहीं, आणि रोगी थोड्याच दिवसांत घरीं जातो; म्हणून एरवीं ज्यांची छाती उघडली असती अशा कांहीं रोग्यांसाठींहि त्या काळांत हाच मार्ग सोयीचा ठरला.

अण्णांच्या बाबतींत आणखी एक नाजूक प्रश्न उभा राहिला, तो अशा घरांतून उभा राहतोच, म्हणून लिहितों. टावीच्या झडपेच्या पाकळ्या गाईच्या किंवा डुकराच्या हृदयावरील पातळ आवरणापासून तयार करितात. केवळ धातूची झडपहि मिळते. पण ती बसवावयाची तर छाती उघडली पाहिजे, व पुढें जन्मभर रक्त पातळ ठेवण्याचें औषध घेतलें पाहिजे. डॉक्टरांनीं हें कांहींहि न लपवितां सांगितलें. अण्णांची त्रिकाळ संध्या कधीं चुकलेली नाहीं. त्यांनीं एक रात्र विचारास मागून घेतली. आम्हीं त्यांस कांहींहि सुचविलें नाहीं. सकाळीं ते म्हणाले, ‘अरे, लहानपणीं आई वारली तेव्हां दारच्या कपिलेच्या दुधावर मी वाढलों. तें ऋण अजून फिटलेलें नाहीं. त्यांत आणखी एक भर पडेल, इतकेंच.’ ज्यांचा निर्णय निराळा होईल त्यांस आम्ही नांवें ठेवणार नाहीं. मात्र हा प्रश्न अगोदर विचारावा व अगोदर निकालांत काढावा. शस्त्रक्रियेच्या मेजावर तो सोडवावयाचा नसतो.

जिल्ह्याबाहेर जाण्याचा पास पोलिसांकडून मिळाला. रुग्णालयाच्या दारांत प्रथम नाकांतील स्राव घेऊन कोविडची चांचणी झाली. ती निर्दोष येईपर्यंत अण्णा वेगळ्या खोलींत होते. आम्हांपैकीं कोणासहि आंत जाण्याची परवानगी नव्हती. जाण्यापूर्वीं त्यांनीं खिशांतील जानव्याचा जोड आमच्या हातीं दिला व म्हणाले, ‘परत आलों कीं मागून घेईन.’ डॉक्टर व परिचारिका नखशिखांत झग्यांत. कोणाचा चेहरा दिसत नव्हता. प्रत्यक्ष झडप बसविण्यास दीड तासहि लागला नाहीं. जांघेशीं बारीकशी जखम, एवढीच खूण. चौथ्या दिवशीं अण्णा चालत बाहेर आले, व पहिलें वाक्य बोलले तें हें : ‘छातीवरचा धोंडा कोणीं तरी उचलला रे.’ आम्हांस मात्र त्या क्षणीं आरामखुर्चींत गेलेले आमचे मित्र आठवले. त्यांच्या झडपेसहि एवढाच वेळ लागला असता.

येथवर म्हाताऱ्यांची कथा झाली. परंतु आपल्या देशांत झडपेचा रोग हा केवळ म्हाताऱ्यांचा नव्हे, हें सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. लहान मुलांचा घसा एका विशिष्ट जंतूनें सुजतो, मग सांधे धरतात, ताप येतो. हा संधिवाताचा ताप सांधे सोडून जातो पण हृदयाच्या झडपा कुरतडून जातो. दाटीवाटीनें राहणाऱ्या गरीब वस्तींतून हा रोग अद्याप आहे. त्यावर पेनिसिलीनचें इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनीं वर्षानुवर्षें घ्यावें लागतें. झडप अरुंद झालेल्या कित्येक तरुण स्त्रियांस जपानच्या कान्जी इनौए यांनीं १९८० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणलेल्या फुग्याच्या उपचारानें छाती न उघडतां आराम पडतो. आणि ज्यांस धातूची झडप बसविली आहे, त्यांस वॉर्फरिनसारखें औषध घेऊन रक्त गोठण्याचें प्रमाण ठराविक अवधीनें तपासावें लागतें. औषध कमी पडलें तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झालें तर रक्तस्राव होतो. एस. टी. बंद, तपासणीगृह तालुक्याच्या गांवीं, आणि खिशांत मजुरी नाहीं, अशा दिवसांत या लोकांनीं काय केलें असेल, याची कल्पना ज्याची त्यानें करावी. अण्णांजवळ दूरध्वनि होता, शिल्लक होती, आणि रोज चौकशी करणारा भाऊ होता. ज्यांच्याजवळ यांपैकीं कांहींच नव्हतें, त्यांची प्रतीक्षा कोणत्या वर्गांत मोडते, हें सांगणारा शब्द आम्हांस अद्याप सांपडलेला नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. साथ ओसरली, परंतु साथी पुन्हां येणारच नाहींत असें कोणीं म्हणावें? म्हणून अनुभवांतून शिकलेल्या चार गोष्टी गृहस्थाश्रमी वाचकांपुढें ठेवतों. पहिली ही कीं, साठीनंतर जिना चढतांना धाप लागणें, छाती भरून येणें अथवा घेरी येणें, हें सर्व ‘वयाच्या’ माथीं मारूं नये. डॉक्टरांनीं नुसती नळी लावून ऐकलें तरी झडपेची कुरकुर बहुधा कळते. दुसरी, ज्यांचा उपचार लांबणीवर पडला आहे त्यांनीं रोज सकाळीं वजन, रात्रींच्या उशा व चढलेल्या पायऱ्या एका वहींत टिपाव्या. आणि त्यांत फरक पडतांच, कोणी विचारण्याची वाट न पाहतां, स्वतः होऊन कळवावें. तिसरी, तपासणीचे सर्व कागद एका पिशवींत घालून दाराशीं ठेवावे. चौथी गोष्ट घरांतील स्त्रियांस. आमचीं पुरुषमाणसें आपलें दुखणें लपवितात, व तें लपविणें म्हणजे धैर्य समजतात. वहिनींनीं त्या दिवशीं नवऱ्याची आज्ञा मोडली नसती, तर आज त्यांच्या कपाळीं कुंकू नसतें.

आणि जाणत्या वैद्यमंडळींस आमची एक विनंति आहे. पुन्हां तसाच प्रसंग आला, तर शस्त्रक्रिया अवश्य तहकूब करा. तुमची अडचण आम्ही जाणतों. फक्त रोग्यास ‘ऐच्छिक’ म्हणूं नका. ‘तुमचा उपचार आवश्यक आहे, आज करतां येत नाहीं, अमुक लक्षण दिसल्यास मध्यरात्रींहि कळवा,’ असें म्हणा. एवढ्या तीन वाक्यांस अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाहीं.

अण्णा आज ऐंशींच्या घरांत आहेत. घाटाच्या पायऱ्या पूर्वींप्रमाणें झपाट्यानें नव्हेत, पण न थांबतां चढतात. जानव्याचा तो जोड त्यांनीं त्याच दिवशीं मागून घेतला. आमच्या चित्रकार मित्रांनीं शाळेच्या दिवाणखान्यांत काढलेलें कृष्णेच्या घाटाचें एक चित्र अजून भिंतीवर आहे. शाळेंत जाण्याचा योग आला कीं आम्ही त्यापुढें क्षणभर उभे राहतों.